हँडल बदलायचं होतं, काम निघालं केबलचं

पार्श्वभूमी

ही सायकल जिची आहे तिला मी ताई म्हणतो, म्हणून इथेही ती ताईच. बाकी ओळख पटेल असं काही लिहिलेलं नाही. जे लिहिलंय ते तिने वाचलं आणि म्हणाली, "यात माझ्यापेक्षा तुझंच जास्त हसं होतंय, खुशाल टाक."

सायकल सहा वर्षांची. ॲल्युमिनियमची फ्रेम, रिम ब्रेक, पुढे पेडलपाशी दोन चेनरिंग, मागच्या चाकावर अकरा स्प्रॉकेट (दोन्ही म्हणजे चेन फिरते ती दातेरी चक्रं), आणि शिमानो कंपनीच्या १०५ च्या ५८०० मालिकेचे शिफ्टर, म्हणजे ब्रेक आणि गिअर दोन्ही चालवणारे हँडलवरचे लिव्हर. या शिफ्टरमधून ब्रेकची आणि गिअरची अशा दोन्ही केबल हँडलला चिकटून, हँडलवर गुंडाळलेल्या टेपच्या खालून जातात. दिसायला सुबक. पण टेपखाली सहा वर्षांत काय काय झालं ते बाहेरून कळायला मार्ग नाही.

गेली दोन वर्षं ही सायकल रस्त्यापेक्षा घरातल्या ट्रेनरवरच (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) जास्त चालली होती. ट्रेनरवर वारा लागत नाही, त्यामुळे घाम वाळत नाही, थेट हँडलवर टपकतो. या तपशिलाचं महत्त्व त्या वेळी आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. १९९० पर्यंत रोड बाइकचे गिअर साधारणपणे फ्रेमच्या खालच्या नळीवर असत आणि हँडलवर फक्त ब्रेकचे लिव्हर. त्या वर्षी शिमानोने ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये आणले. चालवणाऱ्याची मोठी सोय झाली, हँडल बदलणाऱ्याचं काम मात्र वाढलं. तेव्हापासून अशा केबलवाल्या सायकलचं हँडल बदलायचं म्हणजे चार केबलना हात लावायचा, निदान त्या हलवायच्या तरी.

अडचण

ताईची तक्रार हाताची होती. तासाभराने दोन्ही हातांची करंगळी आणि अनामिका बधिर व्हायची. तळहाताच्या टाचेपाशी, करंगळीच्या बाजूने जाणाऱ्या नसेवर सतत भार पडला की नेमकी हीच दोन बोटं झोपतात. सीटचं नाक खाली झुकलेलं नाही ना ते आम्ही आधी तपासलं होतं, जाड हातमोजे घालून झाले होते, हूडचा, म्हणजे हात टेकतो त्या शिफ्टरवरच्या रबरी आवरणाचा, कोनही बदलून पाहिला होता. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही.

मग खांदे मोजले. दोन्ही खांद्यांच्या वरच्या हाडांमधलं अंतर ३७ सेंटिमीटर आणि हँडल ४२. म्हणजे हात बाहेर फाकवून, मनगट आत मुडपून ती तासन् तास बसत होती. अरुंद हँडल घ्यायचं ठरलं. एकदम उडी नको, म्हणून ४०.

हँडल आलं, त्यावर ४० छापलेलं होतं. मोजपट्टी लावून पाहिलं तर नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३७.६. काही कंपन्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजतात, काही मध्यापासून मध्यापर्यंत. नळी साधारण २.४ सेंटिमीटर जाडीची, तेवढाच हा फरक. परत पाठवायचं की ठेवायचं? खांद्यांशी जुळत होतं, म्हणून ठेवलं. निर्णय योग्य ठरला, पण त्यात आमची हुशारी शून्य. खांदे रुंद असते तर हीच चूक अंगाशी आली असती.

या सगळ्या बोलण्यात ताई मध्येच म्हणाली होती, "मागचा गिअर हल्ली आळशी झालाय. दर आठवड्याला डिरेलरवरचा तो नॉब अर्धा वेढा फिरवते, मग बरा चालतो." (डिरेलर म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग; त्यावरच्या नॉबने केबलचा ताण बदलतो.) मी "हूं" म्हटलं आणि स्टेमचे, म्हणजे हँडल सायकलला जोडणाऱ्या तुकड्याचे, बोल्ट बघायला लागलो.

या प्रकरणातली खरी चूक त्या "हूं"मध्ये आहे. नवीन केबल घातली की पहिले काही दिवस आउटरची (केबल जिच्यातून जाते त्या बाहेरच्या नळीची) टोकं आपापल्या जागी बसतात, ताण थोडा कमी होतो, नॉब फिरवावा लागतो. ते स्वाभाविक. पण सहा वर्षं जुन्या केबलला दर आठवड्याला सैल पडायचं काही कारण नसतं. तरी ती पडत असेल तर कुठेतरी तिची एकेक तार तुटतेय, आणि उरलेल्या तारा सरकून ती लांबतेय. ५८०० मालिकेत हे कुठे होतं तेही ठरलेलं आहे: शिफ्टरच्या पोटात. केबलला टेपखाली शिरण्यासाठी आतल्या आत घट्ट वळण घ्यावं लागतं, आणि दर गिअरला ती त्याच जागी वाकते, सरळ होते. हे मला माहीत होतं. त्या दिवशी आठवलं नाही, इतकंच.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय अर्थातच हात न लावण्याचा: जुनंच हँडल ठेवून स्टेम आखूड करायचा. पण त्याने पुढे वाकणं कमी झालं असतं, हात तितकेच फाकलेले राहिले असते. तो लगेच बाद.

दुसरा, आणि सगळ्यात मोहक: शिफ्टर केबलसकट काढायचे. टेप उतरवायची, क्लॅम्पचा बोल्ट सैल करायचा, शिफ्टर हँडलच्या वळणावरून खाली सरकवत टोकातून बाहेर घ्यायचा आणि तसाच नव्या हँडलवर चढवायचा. केबल सुटत नाही, गिअरचं ट्यूनिंग हलत नाही, तासाभरात काम होतं. नवं हँडल अरुंद असलं की हे जमतंही, कारण आउटर कमी पडत नाहीत, उलट थोडे जास्तच होतात. नवं हँडल रुंद असतं तर हा विचारच सोडावा लागला असता. हँडलच्या नळीच्या आतून केबल जाणार असतील तरीही तेच: केबल सोडल्याशिवाय आत घालणार कशी? याउलट हायड्रॉलिक ब्रेक असतील आणि नळ्या बाहेरून जात असतील, तर हीच पद्धत सगळ्यात सोयीची. नळी उघडायची नाही, तेल सांडायचं नाही, हवा काढत बसायचं नाही.

तिसरा पर्याय फक्त आतल्या केबल नव्या घालण्याचा आणि आउटर जुनेच ठेवण्याचा. मला तो कधीच पटलेला नाही. जुन्या आउटरमधलं अस्तर झिजलेलं असतं, नवी केबलही तिथे घासतच चालते. टेप उतरवायचे कष्ट केलेच आहेत तर अर्धं काम का करायचं?

चौथा पर्याय सगळं नवं घालण्याचा: दोन ब्रेक केबल, दोन गिअर केबल, चारही आउटर, त्यांच्या टोकांच्या टोप्या. एक अख्खी संध्याकाळ, वर ट्यूनिंग.

आम्ही दुसरा निवडला. कारण लिहिताना लाज वाटते, पण खरं ते असं: माझ्याकडे नव्या केबल नव्हत्या आणि नवं हँडल समोर होतं. ताईने विचारलंही होतं, "केबल बदलायच्या नाहीत ना?" "चालतायत तोवर कशाला," असं मी ठामपणे सांगितलं. तिने माझ्या अनुभवावर भरवसा ठेवला. मीही ठेवला.

पहिली संध्याकाळ

सुरुवात मात्र नीट केली. सायकल स्टँडवर, मग फोटो: समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून. कोणता लिव्हर कोणता ब्रेक ओढतो, कोणता आउटर कुठे शिरतो, सगळं दिसेल असे. हूडच्या टोकापासून हँडलच्या खालच्या टोकापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजून कागदावर लिहिलं. डावा हूड उजव्यापेक्षा ४ मिमी वर निघाला. सहा वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

टेप सोडली आणि पांढरी पूड खाली पडली. शिफ्टरच्या क्लॅम्पच्या कडेला आणि जिथे आउटर इन्सुलेशन टेपने बांधलेले होते तिथे ॲल्युमिनियम खाल्लं गेलं होतं. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला, आणि त्याखाली बारीक खड्डे, काहींत खिळ्याचं टोक बसेल इतके. घाम टेपमधून झिरपतो, इन्सुलेशन टेपखाली साचतो आणि तिथेच राहतो. हँडल एरवीही टाकायचंच होतं. पण ते पाहून दोघंही गप्प झालो. हँडल मोडतं तेव्हा आधी सांगून मोडत नाही.

इथे थांबून नीट विचार करण्याची पहिली संधी होती. घामाने हँडलची ही गत केली असेल, तर त्याच हँडलला बांधलेल्या केबलची काय केली असेल? हा प्रश्न पडायला हवा होता. पडला नाही, कारण त्याच वेळी उजव्या क्लॅम्पचा बोल्ट हलेना.

हा बोल्ट शिफ्टरच्या बाहेरच्या अंगाला, रबरी हूडखाली असतो. ५ मिमीची ॲलन की लागते. हूड जुना असेल तर ओढून उलटवायचा नाही, फाटतो. कडेखाली थोडं स्पिरिट सोडलं की आपणहून सरकतो. तेल मात्र लावायचं नाही, रबर फुगून सैल पडतं. बोल्टच्या खाचेत घामाचं मीठ घट्ट बसलं होतं, त्यामुळे की अर्धीच आत जात होती. अशा वेळी जोर लावला की खाच घासून गोल होते आणि मग ड्रिल आणावं लागतं. टाचणीने मीठ उकरलं, पेट्रोलमध्ये भिजवलेला कापूस फिरवला, आट्यांवर सैल करणाऱ्या तेलाचा एकच थेंब सोडला, आजूबाजूला फडकं गुंडाळलं आणि पंधरा मिनिटं काही केलं नाही. मग सपाट टोकाची की पूर्ण आत ठोकून बसवली. गोल टोकाची की जाम बोल्टला लावायची नाही, तिची पकड जेमतेम असते. बोल्ट "करर्" करून सुटला. पूर्ण बाहेर काढला नाही, चारपाच वेढे सैल केला. क्लॅम्पची पट्टी सुटून आली की ती पुन्हा बसवताना जीव जातो.

मग स्टेमची पुढची पट्टी सोडली आणि हँडल खाली झुकवलं, म्हणजे केबलना सैलपणा मिळाला. पुढच्या-मागच्या ब्रेकचे छोटे खटके उघडले. आउटर हँडलपासून मोकळे केले. डावा शिफ्टर वळणावरून घसरत टोकातून सहज बाहेर आला.

उजवा बाहेर आला तो माझ्या हातातून सुटला. खाली पडला नाही. स्वतःच्याच केबलवर लोंबकळत राहिला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुलला आणि थांबला. जेमतेम दोन सेकंद. "काही झालं का रे?" ताईने विचारलं. मी शिफ्टर उचलून बघितला. गिअरचा आउटर शिफ्टरच्या तोंडाशी चेपल्यासारखा दिसत होता, बोटाने सरळ केला. "नाही, काही नाही."

नवं हँडल बसवलं. मधली जाडी ३१.८ मिमी, जुन्यासारखीच, हे आधी तपासलेलं होतं. स्टेमचे चार बोल्ट तिरके-तिरके थोडे थोडे आवळत, पट्टीची फट वर आणि खाली सारखी ठेवत, स्टेमवर छापलेल्या ५ न्यूटन-मीटरपर्यंत नेले. शिफ्टर चढवले, क्लॅम्प आवळले. सगळं एका तासात. ताईने पेडल हाताने फिरवलं, मी उजवा लिव्हर आत ढकलला. एक गिअर. दुसरा. तिसऱ्याला आतून "टक्" असा कोरडा आवाज आला आणि लिव्हर ढिला पडला. चेन आपसूक उतरत सगळ्यात छोट्या स्प्रॉकेटवर जाऊन बसली.

केबल शिफ्टरच्या आत तुटली होती. हेच भर रस्त्यात झालं असतं तर ताई मागच्या सगळ्यात जड गिअरवर, फक्त पुढची दोन चेनरिंग हाताशी धरून घरी आली असती.

अडकलेली गुंडी

केबल तुटणं हे संकट नव्हे, पाच मिनिटांत नवी पडते. पण तिच्या टोकाची गुंडी शिफ्टरच्या आत असते. ही गुंडी एका फिरत्या चकतीच्या खाचेत बसते, आणि चकती सगळ्यात छोट्या स्प्रॉकेटच्या स्थितीत असली तरच ती खाच बाहेरच्या छिद्रासमोर येते. म्हणून केबल बदलताना मागचा छोटा लिव्हर दाबत दाबत, आवाज यायचा थांबेपर्यंत जायचं असतं. आमची केबल तिसऱ्या गिअरवर तुटली होती. गुंडी छिद्रापासून दूर, आणि तुटलेल्या तारा चकतीच्या भोवती पिंजारलेल्या. छोटा लिव्हर दाबला तर तो अर्ध्यात अडकला.

मी आणखी जोरात दाबणार होतो. अंगठा ठेवलाही होता. ताईने हात धरला. "आधी सांग, हे आतलं मोडलं तर काय?"

उत्तर सोपं होतं आणि वाईट होतं. कॅम्पाग्नोलो या दुसऱ्या कंपनीच्या जुन्या शिफ्टरचे आतले भाग सुटे मिळत, माणसं ते घरी उघडून दुरुस्त करत. शिमानोच्या या शिफ्टरचं आतलं यंत्र उघडून दुरुस्त करण्यासाठी केलेलंच नाही. आतला दाता मोडला तर शिफ्टर गेला. आम्ही दिवा मालवला आणि जेवायला गेलो. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, आणि तो माझा नव्हता.

दुसरी संध्याकाळ

मधल्या दिवसात केबलचा पूर्ण संच आणला. आता चौथा पर्याय निवडण्याचा प्रश्नच उरला नव्हता, तो आमच्यावर येऊन आदळला होता.

शिफ्टर पुन्हा हँडलवरून काढून टेबलावर घेतला. खाली पांढरा कागद, डोक्याला बॅटरी, टोकदार चिमटा आणि टोकाला आकडा केलेली बारीक तार. हूड पूर्ण उलटवला, खालचं छोटं झाकण काढलं, तेव्हा तारांचा झुपका दिसला: केसांसारख्या, टोकं सगळ्या दिशांना. एकदम ओढायच्या नाहीत, कारण एखादी आत तुटून राहिली तर मग ती दिसतही नाही. एक तार पकडायची, हलकेच ओढायची, कागदावर ठेवायची. चार तारा निघाल्यावर छोटा लिव्हर दोन बोटांनी दाबला. टिक्. एक घर मागे. पुन्हा चिमटा. सातवी तार निघाली तेव्हा दुसरी टिक्, आणि त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. थोडं पातळ तेल सोडलं, दहा मिनिटं थांबलो, आत आडवी पडलेली एक तार आकड्याने बाजूला केली. तिसरी टिक्. छिद्रात गुंडीचं चकचकीत तोंड दिसलं. केबलच्या उरलेल्या खुंटाला पलीकडून नव्या केबलच्या कापलेल्या तुकड्याने ढोसलं आणि ती टपकन कागदावर पडली. घड्याळ पाहिलं तर पन्नास मिनिटं झाली होती.

कागदावरच्या तारा आणि खुंट यांचा हिशेब लावला, आत काही राहिलं नाही याची खात्री केली, मगच नवी केबल घातली.

पुढचं काम सरळ, पण त्यातही दोन जागा घसरण्याच्या. एक म्हणजे केबल आणि आउटर यांची अदलाबदल. रोड बाइकची गिअर केबल १.२ मिमीची, ब्रेकची १.६. गिअरच्या आउटरमधल्या तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, म्हणून तो दाबाखाली आखडत नाही आणि गिअर नेमका पडतो. ब्रेकच्या आउटरमध्ये तार वेटोळ्याची असते, ती जोराचा दाब सहन करते. ब्रेकला गिअरचा आउटर लावला तर जोरात ब्रेक दाबताना तो फुटू शकतो. दिसायला दोन्ही काळ्या नळ्याच. म्हणून कापलेल्या तुकड्यांवर मी लगेच चिकटपट्टीने "ब्रे" आणि "गि" लिहितो. लोक हसतात, हसू देत.

दुसरी जागा लांबीची. हँडल एकूण ४.४ सेंटिमीटर अरुंद झालं, म्हणजे प्रत्येक बाजूला २.२. शिवाय नव्याची पुढची पोहोच एक सेंटिमीटरने कमी. हिशेबाने आउटर तीनेक सेंटिमीटर आखूड करता आले असते. आम्ही दोनच कापले आणि हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहिलं: कुठे ताण नाही, कुठे मोठा फुगवटा नाही. जास्त कापलेला आउटर परत जोडता येत नाही. कापायला केबल कटरच घ्यायचा. साध्या पकडीने तोंड चेपतं. कापल्यावर टोक कानशीने सपाट करून, आतलं अस्तर टोच्याने गोल मोकळं केलं, मग टोप्या.

क्लॅम्प आवळले ते शिमानो सांगतं त्या ६ ते ८ न्यूटन-मीटरच्या खालच्या टोकाला. हूड तळहाताच्या जोराने हलू नये, पण सायकल पडलीच तर मोडण्याऐवजी फिरावा. कार्बनचं हँडल असतं तर हँडल बनवणाऱ्याचा आकडा पाहिला असता आणि घर्षण वाढवणारी पेस्ट लावली असती. दोन्ही हूडच्या टोकांवर सरळ पट्टी आडवी धरून उंची जुळवली. तो जुना ४ मिमीचा फरक गेला.

टेप मात्र लगेच गुंडाळली नाही. आउटर इन्सुलेशन टेपने बांधले, टोकाला झाकणं ठोकली (उघडी नळी पडल्यावर पोटात घुसते, म्हणून हे चाचणीआधीच) आणि दोन्ही ब्रेक पूर्ण ताकदीने दहादहा वेळा दाबले. केबल अँकरमधून, म्हणजे तिला ब्रेकपाशी पकडणाऱ्या बोल्टखालून, सरकली नाही. मग ताईला ट्रेनरवर बसवलं. पंधराव्या मिनिटाला ती म्हणाली, "हूड थोडे वर हवेत." ५ मिमी वर घेतले. आणखी दहा मिनिटं. "आता राहू दे." टेप गुंडाळून झाल्यावर हे ऐकलं असतं, तर आम्ही दोघांनीही "चालेल" म्हणून सोडून दिलं असतं.

गिअरला फक्त नॉब लागला. डिरेलरचे मर्यादेचे स्क्रू हलवायचं कारणच नव्हतं. केबल बदलली होती, डिरेलर नाही. टेप खालच्या टोकापासून वर गुंडाळली, म्हणजे हात घासून कडा उलटत नाहीत.

निष्पत्ती

तासाभराचं काम दोन संध्याकाळी आणि मधला एक दिवस खाऊन गेलं. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर नॉब अर्धा वेढा फिरवावा लागला, नंतर तीन आठवडे हात लावलेला नाही. मागचा गिअर आता बोटाच्या इशाऱ्यावर पडतो.

बोटांचं म्हणाल तर बधिरपणा बराच कमी झालाय, गेलेला नाही. आधी तासाने सुरू व्हायचा, आता दोन तासांनी आणि फक्त उजव्या हाताला. हे रुंदीमुळे, पोहोच कमी झाल्यामुळे की हूड समपातळीत आल्यामुळे, ते सांगता येणार नाही. तीन गोष्टी एकदम बदलल्या, मग श्रेय कोणाला द्यायचं? ताईला त्याच्याशी देणंघेणं नाही, मला आहे.

ट्रेनरवर बसताना ती आता हँडलवर टॉवेल टाकते आणि उतरल्यावर ओल्या फडक्याने पुसते. टेप दरवर्षी उतरवून खाली पाहायची, असंही ठरलंय.

पुन्हा करायचं झालं तर

केबल ठेवायच्या की बदलायच्या हे टेप सोडण्याआधी ठरवीन, आणि ठरवताना माझ्या कपाटात काय आहे ते न पाहता सायकल काय सांगतेय ते पाहीन. साधी परीक्षा होती: चेन सगळ्यात छोट्या स्प्रॉकेटवर आणायची, हूड उलटवायचा, छिद्रात बॅटरी मारायची. गुंडीजवळ एक जरी तार उभी दिसली तरी केबल बदलायची. याला दोन मिनिटं लागतात आणि काहीही सोडावं लागत नाही. केबलसकट शिफ्टर सरकवण्याची पद्धत मी टाकून दिलेली नाही. एखाद्या वर्षाच्या केबल असतील आणि त्या या परीक्षेत उतरल्या तर पुढच्या वेळीही तसंच करीन.

सरकवायचे असतील तर शिफ्टर काढायच्या आधी स्टेमला दोरीचा फास बांधून ठेवीन, म्हणजे सुटलेला शिफ्टर केबलवर न लटकता दोरीवर लटकेल. त्या दोन सेकंदांनी केबल तोडली असं मी म्हणत नाही, ती तुटणारच होती. पण तोंडाशी चेपलेला आउटर दिसल्यावरही "काही नाही" म्हणालो, ते माझं. गिअर टाकून पाहण्याऐवजी तिथेच केबल सैल करून बाहेर काढली असती, तर गुंडी सहज निघाली असती. कारण तेव्हा चेन छोट्या स्प्रॉकेटवर होती आणि खाच छिद्रासमोर.

हँडलची रुंदी मागवताना कुठून कुठे मोजली ते विचारीन. तो आकडा एका ओळीत विचारता येतो.

एका गोष्टीवर ताईचं आणि माझं अजून एकमत नाही. तिचं म्हणणं, उजवी केबल तुटली होती तर उजवीच बदलायची, डावी चांगली चालत होती. पुढचा डिरेलर मागच्यापेक्षा फार कमी वेळा हलवला जातो, तेव्हा तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. वाद मिटवायला म्हणून टाकून दिलेली डावी केबल कचऱ्यातून काढली आणि गुंडीजवळचं टोक बॅटरीखाली धरलं. तीन तारा तुटलेल्या होत्या. ताईने नखाने त्या हलवून पाहिल्या आणि म्हणाली, "पण चालत तर होती."